पहाऱ्याची कोंबडी

मे महिन्यात आमच्याकडे इतकं तापतं की माशीसुद्धा उन्हात बसत नाही. डासांचा खरा हंगाम जुलैच्या पुढे. म्हणून आमच्या साहेबाचा, विन्स्लोचा फोन आला तेव्हा मला वाटलं, हा चेष्टा करतोय.

“ओतिलिया, एल तुलेतली कोंबडी बोलली,” तो म्हणाला.

“कुठली?”

“तुझ्या त्या म्हातारीच्या खुराड्यातली. चार नंबर.”

“मे महिन्यात? लॅबवाल्यांना म्हणावं, आधी डोळे तपासून घ्या.”

“दोनदा तपासलं त्यांनी. आज संध्याकाळी फवारणीची गाडी पाठवतोय. तू जाऊन कोंबडी घेऊन ये.”

मी गाडी खजुराच्या बागेच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. एल तुले वस्तीतलं खुराडं म्हणजे दोन्या कुकाचं; थोरल्या बाईला आमच्याकडे दोन्या म्हणतात. तिच्या अंगणात तापाचं नाव काढायचं म्हणजे एलिसेओचं नाव काढायचं, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

मी डासखात्यात आहे. सरकारी नाव लांबलचक आहे, ते पगाराच्या दिवशी आठवतं. आमच्या या खाऱ्या समुद्राच्या काठाने, बागांच्या आणि वस्त्यांच्या कडेला, खात्याने कोंबड्यांची खुराडी ठेवली आहेत. लोक अंगणात जागा देतात, दाणापाणी बघतात, अंडी त्यांची. मी दर पंधरवड्याला जाते, एकेका कोंबडीच्या तुऱ्याला सुई टोचते आणि रक्ताचा ठिपका कागदाच्या पट्टीवर घेते. पट्ट्या माझ्या डब्यातून लॅबला जातात. मेंदूत शिरणारा जो ताप डासांमधून येतो तो बहुतेक वेळा माणसाच्या आधी कोंबडीला गाठतो. तिला काही होत नाही. ती दाणे टिपते, अंडी घालते, शेजारणीला चोच मारते. फक्त तिच्या रक्ताच्या ते कायमचं लक्षात राहतं. असं रक्त सापडलं की आम्ही म्हणतो, कोंबडी बोलली. मग फवारणीच्या गाड्या निघतात, रेडिओवर सांगतात की तिन्हीसांजेला दारं लावा. आणि बोललेली कोंबडी पहाऱ्यावरून काढून टाकतात, कारण ती पुढे जन्मभर होच म्हणत राहते. सदानकदा हो म्हणणाऱ्याला विचारून उपयोग नसतो, हे मला माझ्या नवऱ्यावरून आधीच ठाऊक होतं.

एलिसेओ हा दोन्या कुकाचा एकुलता एक मुलगा. खजुराच्या झाडांवर चढून काम करायचा, शेंड्याला बसून खालच्यांना शिव्या घालायचा, गाणी म्हणायचा. गेल्या ऑगस्टात डोकं दुखतंय म्हणून झाडावरून लवकर उतरला. मान वळेना. दोन दिवसांनी बोलणं असंबद्ध झालं. त्याच आठवड्यात मी त्याच्या अंगणातल्या कोंबड्यांचं रक्त नेलं होतं. रक्त लॅबला जातं, तिथे आपली पाळी यायची वाट बघतं, मग उत्तर येतं. उत्तर आलं तेव्हा एलिसेओ इंडिओ शहरातल्या दवाखान्यात होता आणि आईला ओळखत नव्हता.

कोणाचं काही चुकलं नव्हतं. काम असंच चालतं. पण मातीच्या दिवशी दोन्या कुका माझं मनगट धरून म्हणाली, “कोंबडीला माहीत होतं. तुझ्या डब्यात होतं. मग मला कसं नाही कळलं, पोरी?” मला उत्तर नसलेल्या प्रश्नांचा फार राग येतो. तो प्रश्न तेव्हापासून माझ्या गाडीत शेजारच्या सीटवर बसलेला आहे.

आमच्याकडे माणूस गेला की त्याला जिथे ठेवलं होतं तिथे जमिनीवर चुन्याचा क्रूस काढतात. नऊ रात्री जपमाळ म्हणायची. शेवटच्या रात्री चुना गोळा करून कबरीवर नेऊन टाकायचा, म्हणजे जीव आपल्या वाटेला लागतो. दोन्या कुकाने क्रूस उचलूच दिला नाही. पाद्री आले, बायका आल्या, तिने सगळ्यांना कॉफी पाजली आणि परत पाठवलं. त्या दिवसापासून तिच्या ट्रेलरच्या घरात, टीव्हीच्या पुढ्यात, तो क्रूस तसाच आहे. ती त्याला वळसा घालून चालते. म्हणूनच, लोक म्हणतात, एलिसेओ फिरतो. चर्चच्या दारात मक्याचे वाफवलेले तमाले विकणारी त्रिनी तर शपथेवर सांगते की तिने त्याला संध्याकाळी अंगणात उभा बघितलाय, झाडावर चढायचा पट्टा कमरेला तसाच. पण त्रिनीने याआधी दोन संत आणि एक नगराध्यक्षही असेच बघितले होते, तेव्हा मी तिच्याकडे लक्ष द्यायचे नाही.

मी पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. दोन्या कुका खुराड्याशेजारी उलट्या बादलीवर बसली होती. अंगात बिनबाह्यांचा झगा, दोन्ही हात मांडीवर पसरलेले, तळवे वर. आमच्या काठावर तिन्हीसांजेला असं कोणी बसत नाही. मे महिना असला तरी चार-दोन डास असतातच, आणि ते तिच्या कोपरांवर बसले होते. ती त्यांना हाकलत नव्हती.

“दोन्या कुका, बाह्या कुठे गेल्या तुमच्या?”

“उकडतंय.”

“उकडतंय मला पण. चार नंबरची कोंबडी द्या, न्यायला आलेय.”

तिचा चेहरा हलला नाही. “का?”

“बोलली ती.”

“खोटं आहे,” ती म्हणाली, पण जागची उठली नाही.

मी खुराड्याचं दार उघडून आत वाकले. मार्चमध्ये आणलेल्या तरण्या कोंबड्या त्या. नुसती सावली पडली तरी कालवा करतात, एकमेकींच्या डोक्यावर उड्या मारतात. सगळ्या कोपऱ्यात जाऊन दाटल्या. एक मात्र सावकाश चालत माझ्याकडे आली, माझ्या हातापाशी थांबली आणि तिने मान खाली घालून तुरा पुढे केला.

सुईची सवय एका खेपेत लागत नाही. त्याला एक अख्खा उन्हाळा लागतो.

मी तिला उचलून उजेडात आणलं. पाय फिकट, तुरा मोठा होऊन एका बाजूला कललेला. चार नंबरचं प्लास्टिकचं कडं पायात होतं, पण ही मार्चमधली कोंबडी नव्हती. गेल्या खेपेला मी घाईत नुसतं कडं बघून टोचलं होतं. ही गेल्या वर्षीची, एलिसेओच्या आठवड्यात बोललेली, जिला खात्याची गाडी केव्हाच घेऊन गेली असं आम्ही सगळे समजत होतो.

“ही कशी काय इथे?” मी विचारलं.

दोन्या कुका उठली आणि तिने माझ्या हातातून कोंबडी काढून घेतली, लहान मूल घ्यावं तशी. “हिचं नाव गोरी आहे,” ती म्हणाली. “तुम्ही लोक नंबर देता.”

“खात्याची गाडी काय घेऊन गेली मग?”

“इथल्या मेक्का गावच्या बाजारातली एक आणली. हिचं कडं काढून तिला घातलं. त्या गाडीवाल्याला कोंबडी आणि कबुतर यातला फरक कळत नव्हता.”

“आणि इतके दिवस ही—”

“घरात होती. माझ्याजवळ. हिवाळाभर खुर्चीवर बसून माझ्याबरोबर टीव्ही बघायची. मग तू या नवीन आणल्यास. यांचा आवाज ऐकला आणि हिने खाणं सोडलं. दाराशी जाऊन बसायची. एकटी कोंबडी किती दिवस राहणार गं? एप्रिलमध्ये चार नंबरवालीला कुत्र्याने धरलं. मला वाटलं तू रागावशील. म्हणून तिचं कडं हिला घातलं. म्हटलं, हिलाही सोबत होईल, तुझाही हिशेब पुरा राहील.”

मी कपाळावर हात मारला. “अहो, तिकडे शाळेचं मैदान बंद केलंय! आज रात्री सगळ्या वस्तीवर धूर मारणार आहेत. पुढच्या शनिवारी आरोग्यवाले येतायत चर्चच्या हॉलमध्ये, प्रत्येकाचं रक्त तपासायला. सगळं तुमच्या या गोरीपायी!”

“मग मार धूर. गेल्या वर्षी मारला असता तर बरं झालं असतं.”

मी तिच्या बादलीवर बसले. कोंबडी तिच्या कुशीत डोळे मिटून पडली होती.

“का ठेवलीत तिला?” मी जरा नरमाईने विचारलं.

“तुला नाही कळायचं.”

“सांगून तर बघा. मी काही अगदीच विन्स्लो नाहीये.”

तिने खजुराच्या रांगांकडे बघितलं. “एलिसेओच्या अंगात जे शिरलं होतं, ते हिच्यात आहे,” ती म्हणाली. “त्याच अंगणातलं, त्याच दिवसांतलं. कोण जाणे, त्याच डासाचं. त्याचे कपडे मी धुतले, तर त्याचा वास गेला. त्याचा आवाज फोनमध्ये होता, तर फोन बंद पडला. हिच्या रक्तातून मात्र ते जाणार नाही, तूच सांगितलंस मला. जन्मभर राहतं म्हणालीस.”

“आणि हे उघडे हात?”

“तो संध्याकाळी येतो. यांच्याबरोबर.” तिने कोपरावरचा डास दाखवला. “मारू नकोस. याच्या आईच्या आईने माझ्या मुलाचं रक्त प्यायलंय. थोडं माझं पिऊ दे. मला एवढंच हवंय, पोरी. त्याला जे झालं ते मला होऊ दे.”

मी फटका मारलाच. डास मेला, तिच्या हातावर रक्ताचा ठिपका राहिला. तिने तो पुसला नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला तिची भीती वाटली, आणि लगेच तिच्यासाठी वाटली. मे महिन्यातले डास नुसते खाज आणतात. पण जुलैत, ऑगस्टात, खरा ताप येईल तेव्हा ही बाई इथेच बसलेली असेल, हात पसरून. तिच्या वयाला तो ताप झेपत नाही. तिने मरायचं ठरवलं होतं, फक्त घाई केली नव्हती.

खात्याला सांगितलं असतं तर विन्स्लोने कोंबडी नेऊन मारली असती, खुराडं उचललं असतं, आणि तिला तिन्हीसांजेला बसायला नुसतं रिकामं अंगण उरलं असतं. मग तिने कोणाचंच ऐकलं नसतं. म्हणून मी सौदा केला.

“हे बघा. गोरीला आत्ताच्या आत्ता घरात न्या. खुराड्यात पुन्हा दिसता कामा नये, ही अशी बोलत राहिली तर खरा ताप येईल तेव्हा आम्हाला कळायचा नाही. विन्स्लोला मी सांगते, कोल्ह्याने नेली. त्या बदल्यात तुम्ही पुढच्या शनिवारी हॉलमध्ये यायचं, रक्त द्यायचं. आणि उत्तर येईपर्यंत संध्याकाळी घरात बसायचं. उत्तर आलं की गोरी माझ्या हवाली.”

“रक्तात निघालं तर?”

“तर डॉक्टर बघतील.”

“निघालं तर मी तिला देईन,” ती म्हणाली. “मग मला तिची गरज नाही.”

तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा काहीतरी चमकलं. ते मला मुळीच आवडलं नाही, पण मी हो म्हटलं.

त्या रात्री गाडीने धूर सोडला. वस्तीत कुत्री खोकली, बायकांनी दोरीवरचे कपडे आत घेतले, आणि कोणीतरी हाकाटी केली की दोन्या कुकाच्या अंगणात धुरातून एक माणूस चालत गेला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी तो बघितला होता. मी विन्स्लोला कोल्ह्याची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “कोल्हा मरेल का गं?” मी म्हटलं, “कोंबडी पचली तर नाही मरणार.” तेवढ्यावर विषय संपला.

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये पंखे गरगरत होते आणि वस्ती रांगेत उभी होती. रक्त देणाऱ्याला डासांच्या मलमाची बाटली आणि एक टोपी फुकट होती. त्रिनीने दोन टोप्या मागितल्या.

“दोन हात आहेत माझे, दोन्हीतून घ्या,” ती नर्सला म्हणत होती. “आणि हो, एलिसेओचं पण घ्या म्हणावं, तो मागेच उभा आहे.”

“तोंड आवर, त्रिने,” मी म्हटलं.

“मी काय वाईट बोलले? क्रूस उचला म्हणते. बिचारा ना इथला ना तिथला. आईच धरून बसली तर पोर जाणार कुठे?”

दोन्या कुका तिच्यामागे तीन माणसं सोडून उभी होती. तिने सगळं ऐकलं. पाळी आली तेव्हा तिने झग्याची बाही वर केली आणि नर्सकडे न बघता, सुई शिरताना, जरा हसली. एखादी बाई जत्रेत सोडत काढायला हात घालते तशी ती दिसत होती.

मधल्या दिवसांत मी रोज संध्याकाळी एल तुलेवरून गाडी नेत होते, वाट वाकडी करून. ती बाहेर दिसली नाही. खिडकीत टीव्हीचा निळा उजेड आणि खुर्चीच्या पाठीवर एक पांढरा गोळा, ती गोरी. सौदा पाळला जात होता. पण अंगण ओळखीचं वाटत नसे. बादली उलटीच होती, आणि तिच्याभोवती डास गरगरत असायचे, कोणी बसलेलं असावं तसे. मी मनाशी म्हणायचे, बादलीच्या तळाला ओल असेल. एकदा उतरून बघितलं. तळ खडखडीत कोरडा होता. त्यानंतर मी उतरले नाही.

जूनच्या सुरुवातीला पेगीचा फोन आला. पेगी आरोग्यवाल्यांची नर्स, मोठ्या मनाची, मोठ्या आवाजाची बाई. “त्या आजींना घेऊन ये,” ती म्हणाली, “मला स्पॅनिश येत नाही आणि त्यांना इंग्रजी. तू सांगशील त्यांना.”

मी सहा वर्षांची होते तेव्हापासून लोकांना इंग्रजीतलं स्पॅनिशमध्ये सांगतेय. आईला बँकेत, मावशीला दवाखान्यात, बापाला कोर्टात. आमच्यातली सगळी पोरं हेच करत मोठी होतात. दात काढायचाय, घर सोडायचंय, गाठ वाईट आहे: सगळं आधी आमच्या तोंडातून जातं आणि मग आईबापांच्या कानात. म्हणून मला वाटलं, हे काय, पाच मिनिटांचं काम.

पेगीची दवाखान्याची गाडी चर्चच्या मागे, सावलीत उभी होती. आत गार होतं. दोन्या कुकाने धुतलेला झगा घातला होता, केस बांधले होते. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

“चांगली बातमी आहे!” पेगी म्हणाली. “सांग त्यांना. रक्तात तापाच्या खुणा आहेत, पण जुन्या. नवी लागण अजिबात नाही. बहुतेक गेल्या उन्हाळ्यातली. त्यांना तो ताप येऊन गेला आणि त्यांच्या शरीराने तो परतवला. असंच होतं बहुतेकांचं, कळतही नाही. उलट आता तो त्यांना पुन्हा सहसा व्हायचा नाही. खूप नशीबवान आहेत म्हणावं.”

मी सांगितलं. शब्दाला शब्द, काही गाळलं नाही. फक्त ‘नशीबवान’ माझ्या तोंडून निघेना, ते मी गिळलं.

दोन्या कुकाने माझ्याकडे बघितलं. “म्हणजे माझ्यात आहे?”

“आहे.”

“त्याच्यात होतं तेच?”

“तेच. गेल्या उन्हाळ्यापासून.”

तिने आपला डावा हात उजव्या हाताने धरला आणि दंडापासून मनगटापर्यंत कुरवाळला. तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, संपलं, सुटली ही बाई. आता ती उन्हातान्हात हात पसरून बसणार नाही. तिला हवं होतं ते तिच्याकडे होतंच, आणि त्याने ती मरणारही नव्हती. मला मनापासून आनंद झाला. मी पेगीकडे बघून हसलेसुद्धा.

पेगी पेन उघडून तयार होती. “एवढं विचार, गेल्या उन्हाळ्यात त्यांना कधी कणकण, डोकेदुखी, असं काही आठवतंय का?”

मी विचारलं. मीच विचारलं, तेही हसतमुखाने.

“हो तर,” दोन्या कुका मोकळेपणाने सांगू लागली. अशी मोकळी ती वर्षभरात बोलली नव्हती. “जुलै संपत आला होता. द्राक्षांच्या शेडमधून आले आणि डोकं असं ठणकायला लागलं म्हणतेस! मला वाटलं ऊन लागलं. दोन-तीन दिवस उठवेना. एलिसेओने स्वयंपाक केला, सगळे तोर्तिया जाळले मेल्याने, वर म्हणतो, आई, जळकं पोटाला चांगलं असतं.” ती हसली. “फार केलं त्याने. एरवी कामावरून आला की दार लावून टीव्हीपुढे पडायचा, बाहेर म्हणून पाऊल टाकायचा नाही. कोंबड्यांचा तर त्याला रागच. त्या माझ्या, मीच कोंडायची संध्याकाळी. पण त्या दिवसांत म्हणाला, तू पडून राहा आई, तू उठू नकोस. कोंबड्या मी—”

ती थांबली.

तिचे ओठ त्या शब्दावर तसेच उघडे राहिले. मी तिच्याबरोबर त्या वाक्यात चालत गेले होते, त्यामुळे ती कुठे पोचली ते मला दिसलं. तिन्हीसांज, अंगण, झाडावरून उतरून आलेला तिचा मुलगा, उघड्या अंगाने खुराड्यापाशी वाकलेला. आणि आत, खाटेवर, ती.

पंख्याचा आवाज येत होता. पेगीचं पेन कागदावर टेकलेलं होतं.

“काय म्हणतायत त्या?” पेगीने विचारलं.

“म्हणतायत,” मी म्हटलं, “थोडं डोकं दुखलं होतं.”

पेगीने लिहून घेतलं आणि दोन्या कुकाच्या खांद्यावर थोपटलं.

परतताना खजुराच्या रांगा मागे जात होत्या आणि ती समोर बघत होती. मी चार वेळा तोंड उघडलं. सांगणार होते की डास कुठेही चावतो, बागेत चावतो, झाडाच्या शेंड्यावर चावतो, कोणता डास कोणत्या संध्याकाळचा ते देवालाही कळत नाही. हे सगळं खरं आहे. पण मी एवढ्या लोकांना एवढं काय काय सांगितलंय, खरं सांगूनही कधी उपयोग होत नाही ते मला कळतं. मी गाडी चालवत राहिले.

घर आलं तेव्हा ऊन कललं होतं. ती आत गेली, गोरीला खोक्यात घालून घेऊन आली आणि खोकं माझ्या सीटवर ठेवलं. “ने,” म्हणाली. कोंबडीकडे तिने बघितलं नाही.

“मी थांबू का आज?” मी विचारलं.

ती अंगणाकडे बघत होती. सावल्या लांबल्या होत्या, कोंबड्या खुराड्याबाहेर माती उकरत फिरत होत्या. तिने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली, जसं कोणी तिला बाहेर ओढणार होतं.

“ओतिलिया,” ती हळू म्हणाली, “आता तो येईल.”

“कोणी येत नाही, दोन्या कुका.”

“वर्षभर मी त्याची वाट बघत बसले तिथे. रोज. आणि तो काही बोलायचा नाही, नुसता उभा राहायचा. मला वाटायचं, आईला भेटायला येतो.” तिचा आवाज फाटला. “आज मी बाहेर नाही येणार. मला त्याच्यासमोर उभं राहवणार नाही. कोंबड्या तू कोंड. आणि पोरी, त्याला सांगू नकोस. जे मी तिथे बोलले ते त्याला कळू देऊ नकोस.”

तिने दार लावलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला, मग पडदे ओढल्याचा. टीव्ही तिने लावला नाही.

मी अंगणात गेले. बाह्या मनगटापर्यंत खाली ओढल्या. समुद्राकडून मेलेल्या माशांचा वास येत होता आणि डास उठले होते. एकेक कोंबडी हाकलत मी आत घातली. शेवटची ऐकेना, तिला धरून आत ढकलली आणि खुराड्याचं दार लावलं.

तेव्हा मला कळलं की माझ्यामागे कोणीतरी आहे. मी भुतंखेतं मानत नाही, हे मी आजही सांगेन. पाऊल वाजलं नाही, श्वास ऐकू आला नाही. पण खुराड्यातल्या कोंबड्या एकदम गप्प झाल्या आणि सगळ्या माझ्या खांद्यावरून पलीकडे बघू लागल्या. मी वळले नाही. मला रडू येत होतं, आणि तिच्यासाठी मी जन्मात पहिल्यांदा, जाणूनबुजून, एकाचं बोलणं दुसऱ्याला चुकीचं सांगायला तोंड उघडलं.

“आईला बरं नाहीये रे,” मी म्हटलं. “काही विशेष नाही, ऊन लागलंय. आत पडलीय जरा. कोंबड्या मी कोंडल्यात. तू जा आता.”

मग खुराड्याचं दार दोन्ही हातांनी धरून मी तिथेच उभी राहिले, तो जाईपर्यंत.